घाट राखणारी माणसं

भोर घाटातला लोहमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला आणि तिथे घाटाचं काम संपलं, असं रेल्वेच्या इतिहासाची पुस्तकं सांगतात. आमच्या घरात ही तारीख कुणाला ठाऊक नव्हती. माझे वडील, आबा, त्या घाटातल्या एका गँगचे मुकादम होते. त्यांच्याआधी आजोबा तिथेच गँगमन. दोघांच्याही बोलण्यात घाट म्हणजे रोज सकाळी नव्याने हातात घ्यायचं काम होतं. कुठली दरड सैल झाली, कुठल्या मोरीत पाला तुंबला, कुठल्या वळणावर बाहेरचा रूळ झिजला, याच गप्पा ऐकत सत्तरच्या दशकात मी कर्जतला वाढले. पुढे नोकरीसाठी पुण्यात आले आणि कर्जत ते लोणावळा हा रस्ता प्रवासी म्हणून करू लागले. पावसाळ्यात डब्यातली माणसं धबधबे बघायला दाराशी गर्दी करतात. मला आजही आधी दिसतात ती कटिंगच्या भिंतीला पाठ लावून, टिकाव आणि झेंडी धरून, गाडी पुढे जायची वाट बघत उभी असलेली माणसं. त्यांच्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलं आहे.

घाट बांधणाऱ्यांबद्दल मात्र बरंच सापडतं, निदान साहेबांबद्दल. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या देखरेखीखाली मार्ग आखला गेला. घाट खुला होण्याच्या आदल्या वर्षी, १८६२ मध्ये, ते वारले. विल्यम फॅव्हिएल यांनी घेतलेला ठेका त्यांनी १८५९ मध्ये सोडून दिला. मग सॉलोमन ट्रेडवेल आले आणि काही आठवड्यांतच आजाराने गेले. त्यांची पत्नी ॲलिस ट्रेडवेल मागे हटली नाही. ॲडम्सन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांच्या हाती काम सोपवून तिने ठेका तडीस नेला. तिने काढलेली कामाची छायाचित्रंही मागे राहिली आहेत. पळसदरीपासून वर लोणावळ्यापर्यंत सुमारे २५ किलोमीटरांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, आठ मोठे दगडी पूल, आणि सर्वांत अवघड ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट चढ. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्येच सुरू झाली होती, खाली खोपोलीपर्यंतही रूळ आले होते. मधला डोंगर मात्र पाच वर्षं लोक पालखीत, तट्टावर किंवा पायी ओलांडत राहिले.

या कामावर १८६१ मध्ये एका वेळी ४२,००० माणसं होती. त्यांची नावं कुठेच नाहीत. पटकीने, तापाने, सुरुंगांनी आणि कड्यावरून पडून त्यांतली हजारो गेली. १८५९ च्या सुरुवातीला थकलेल्या मजुरीवरून घाटातल्या मजुरांनी दंगा केला, त्यात एक गोरा माणूस मेला, आणि त्यानंतर १८६० मध्ये मालक आणि मजूर यांच्या तंट्यांसाठी सरकारला कायदा करावा लागला. शाळेच्या इतिहासात मला यातलं काही भेटलं नाही. पण आजोबा सांगत की त्यांच्या लहानपणी म्हातारी माणसं एका ठरावीक बोगद्याशी आली की पायातलं काढून पुढे जात. का, ते कुणी सांगत नसे.

उद्घाटनानंतर चारच वर्षांनी, १८६७ च्या पावसाळ्यात, घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. ही गोष्ट मी फार उशिरा वाचली आणि तेव्हा मला आबांच्या बोलण्याचा उलगडा झाला. बांधलेलं टिकतं या गृहीतावर त्यांचा विश्वास नव्हता. हा अविश्वास त्यांना कुणी शिकवला नव्हता, तो विश्वास त्या डोंगरानेच काढून घेतला होता.

सह्याद्रीचा कातळ दिसायला अभेद्य. तो लाव्हाच्या थरांवर थर चढून झालेला आहे, आणि दोन कठीण थरांच्या मध्ये बरेचदा तांबड्या मातीसारखा मऊ थर असतो. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून उतरतं आणि या मऊ थराशी येऊन अडतं. तो भिजतो, फुगतो, खचतो, आणि वरचा दगड आधाराविना राहतो. उन्हाळ्यात कातळ तापून प्रसरण पावतो, रात्री आकसतो. उंबराचं एखादं मूळ चिरेत शिरतं आणि दहा वर्षांत ती चीर हात जाईल एवढी होते. या भागात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एवढ्या पाण्यात उभा कापलेला डोंगर आपल्या मूळ उताराकडे परत जाऊ बघतो. रेल्वे घाटात राहते ती त्याला तसं करू दिलं जात नाही म्हणून.

आजोबा कामाला लागले ते रिव्हर्सिंग स्टेशनच्या काळात. खंडाळ्याच्या खाली डोंगर इतका उभा आणि जागा इतकी अरुंद, की गाडीला वळायला वाव नव्हता. तिथे सपाट केलेल्या एका पट्टीवर गाडी येऊन थांबे, इंजिन पुढून काढून मागे लावत आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढे. १९२९ च्या सुमारास विजेची गाडी आली, नवा मार्ग आणि नवे बोगदे झाले, आणि ते स्टेशन बंद पडलं. १९३० मध्ये डेक्कन क्वीन धावू लागली. आजोबांना डेक्कन क्वीनचं कौतुक होतं, पण त्याहून मोठं सुख त्यांना वाटे ते बोगद्यातला धूर गेल्याचं. वाफेच्या इंजिनांच्या काळात बोगद्यात काम करताना गाडी येऊन गेली की पुढचा पाव तास ओला फडका तोंडाला लावून जमिनीशी बसून काढावा लागे, असं ते सांगत. अखेरपर्यंत त्यांचा खोकला गेला नाही.

गँग म्हणजे पंधरावीस माणसं, एक मुकादम आणि एक चावीवाला. त्यांच्या हद्दीत काही किलोमीटरांचा रूळ. हत्यारं म्हणजे टिकाव, फावडं, पहार, घमेलं, घण आणि बीटर. बीटर हे टिकावासारखंच, पण एका टोकाला चपटं. त्याने स्लीपरच्या पोटाखाली खडी ठासून बसवायची. हे ठासणं चौघे समोरासमोर उभे राहून एका लयीत करत, आणि लय सुटू नये म्हणून कुणीतरी पुकारा करी. तो पुकारा पाठ करून आम्ही पोरं चाळीत खेळायला वापरत असू.

आबांचं खरं कसब होतं डोळ्याचं. रूळ कुठे बसलाय हे बघायला ते तीस-चाळीस पावलं लांब जात, खडीवर पालथे पडत आणि रुळाच्या माथ्याला गाल टेकवून एक डोळा मिटून बघत. मग हाताने खूण: उचला, अजून, बस. पलीकडे पहारींवर माणसं जोर लावत आणि रूळ केसभर वर येई. मोजायची साधनं होती आणि इन्स्पेक्टर ती लावून बघत असत. पण आधी आबांचा गाल रुळाला लागे. उन्हाळ्यात घरी येत तेव्हा त्यांच्या एका गालावर भाजल्याची लाल रेघ असे. आई तिथे कोरफड चोळायची आणि पुटपुटायची.

सपाटीवर रूळ जागेवर राहतो, घाटात तो खाली सरकतो. हे मला लहानपणी खोटं वाटायचं. पण तसंच होतं. उतरणारी गाडी ब्रेक लावत येते, चाकं रुळाला पुढे रेटतात, आणि रोजच्या शेकडो चाकांनी ते लोखंड कणाकणाने उताराकडे जातं. वरच्या बाजूला दोन रुळांमधली फट वाढते, खालच्या बाजूला ती मिटते. फट मिटलेली राहिली आणि वैशाखातलं ऊन लागलं, तर तापून लांबलेल्या रुळाला जागा उरत नाही आणि तो आडवा वाकतो. म्हणून गँग ठरावीक काळाने रूळ मोकळे करून परत वर ओढून घेई. हे काम पहाटेच्या गारव्यात करावं लागे. ज्या रुळावरून गाडी गेली त्याच्यावर कुणाचं लक्ष जात नाही, पण तो वर आहे तो कुणीतरी पुन्हा वर नेला म्हणून.

चावीवाले काका आमच्या शेजारी राहत. त्या काळी घाटात लोखंडी स्लीपर बरेच होते आणि रूळ त्यांत लोखंडी पाचरीने आवळलेला असे. तीच चावी. गाड्यांच्या हादऱ्याने चाव्या ढिल्या होत. काका पहाटे निघत, खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, पिशवीत जादा चाव्या आणि बोल्ट, कमरेला लाल झेंड्या, डबीत फटाके. फटाके म्हणजे रुळाला बांधायचे आवाजी डबे; इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की बार होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. काका जाताना एका रुळाच्या बाजूने चालत, येताना दुसऱ्या. प्रत्येक सांध्यावर हातोड्याचा हलका ठोका. मडकं घेताना बाई बोटाने वाजवून बघते तसंच ते लोखंड ते वाजवत, आणि आवाज बद्द आला की बसून बघत. तडा गेलेला बोल्ट डोळ्यांना दिसायच्या आधी त्यांना ऐकू येई. निवृत्तीनंतरही ते चालताना पायांखाली बघूनच चालायचे, कर्जतच्या बाजारातसुद्धा.

शाळेच्या एका सुट्टीत आबांनी मला ठाकूरवाडीच्या बाजूला नेलं होतं. पोरांना नेत नसत, कुणाची तरी परवानगी काढली असावी. बोगद्यात शिरल्यावर पंचवीस-तीस पावलांत मागचा उजेड गेला. वरून पाणी टपकत होतं, आणि तेवढ्याशा ओलीने रुळाचा तळ कसा गंजून पोखरतो ते आबा कंदील खाली धरून दाखवत होते. एकाएकी ते थांबले, मला दंडाला धरलं आणि भिंतीतल्या कोनाड्यात घातलं. बोगद्याच्या भिंतीत ठरावीक अंतरावर असे माणूस मावेल एवढे कोनाडे असतात. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांना रूळ बोलल्याचं पायांना कळलं होतं. मग खालून हुंकार येऊ लागला. ते खेकडा इंजिन होतं. १९२८-२९ पासून घाटात असलेली ही विजेची इंजिनं, चाकांच्या बाजूला आडवे दांडे, उभी असताना कण्हल्याचा आवाज. रेल्वेतली माणसं त्यांना खेकडाच म्हणत. मालगाडी लांबलचक होती. डब्यामागून डबा, आणि मग शेवटी गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनं. कर्जतला गाडीच्या मागे बँकर लागतात ते घाट चढवण्यासाठी, आणि ते जोडेपर्यंतच्या वेळात प्रवासी वडे घेतात. इथे आत, कोनाड्यात, तेच बँकर हातभर अंतरावरून जात होते. वारा अंगाला दाबत होता. आबांनी माझं तोंड स्वतःच्या पोटाशी धरलं होतं. गाडी गेल्यावर त्यांनी कंदील उचलला आणि मगाशी जिथे बोट ठेवलं होतं तिथूनच गंजाबद्दल पुढे सांगायला सुरुवात केली.

गाडी घाट चढते ती इंजिनाच्या जोरावर, उतरते ती नियमांच्या जोरावर. खाली येणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर तिला सावरायला चढावर नेणारे आंधळे फाटे ठेवलेले आहेत. त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. काटा कायम त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी आली, पूर्ण थांबली, ब्रेक शाबूत असल्याची खात्री झाली, तरच काटा मुख्य मार्गाला लागतो. पुण्याहून मुंबईला येताना गाडी मंकी हिलसारख्या निर्मनुष्य जागी का थांबते म्हणून लोक वैतागतात. आमच्या चाळीत तिथल्या केबिनमध्ये रात्रपाळी करणारे एक काका होते. त्या काही मिनिटांत त्यांचे हात दांड्यावर आणि कान गाडीवर असत.

तिन्ही ऋतूंत चालणं वेगळं. उन्हाळ्यात दुपारी रूळ वाकलाय का बघत चालायचं. थंडीत पहाटे, कारण गारठ्याने लोखंड आकसतं आणि तडा जातो तो बहुधा तेव्हाच. पण घाटाचा खरा ऋतू पावसाळा, आणि त्याची तयारी होळीनंतर लगेच सुरू होई. कटिंगच्या माथ्यावर पाणी अडवून बाजूला काढणारे चर असतात, ते उपसायचे. मोऱ्या साफ करायच्या. खडी, मोठे दगड, सिमेंटच्या रिकाम्या गोणी वाघिणींत भरून तयार ठेवायच्या. आणि सैल धोंडे पाडायचे. वाहतूक थोडा वेळ बंद ठेवत. कमरेला दोर बांधलेली माणसं कड्यावरून उतरत, पहारीने दगड ठोकून बघत, डळमळणारा असेल तो उचकटून खाली सोडत. एवढाल्या दगडांचा रुळावर पडल्यावरचा आवाज कर्जतला येत नसे, पण संध्याकाळी आबांच्या हातांना कंप असे आणि भाकरी मोडताना तो दिसे.

एक धोंडा होता. घाटातल्या नागनाथच्या वरच्या अंगाला, कटिंगपासून बराच उंचावर, बैलगाडीहून मोठा. तो सैल आहे असं आबांचं म्हणणं होतं, बाकीच्यांचं नव्हतं. त्याच्या बुडाशी तांबडा थर उघडा पडलाय, असं ते दर उन्हाळ्यात सांगत. तिथवर दोर पोहोचत नव्हते आणि खालच्या भिंतीने तो अडेल असा अंदाज होता. तो पावसाळ्यानंतर पावसाळे काढत तिथेच राहिला. आबा मात्र घाटातून जाताना, निवृत्त झाल्यावरसुद्धा, खिडकीतून मान वाकडी करून तो बघायचे.

१९७४ चा मे महिना मला अजून स्वच्छ आठवतो. ८ मे रोजी देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. जॉर्ज फर्नांडिस यांचं नाव चाळीत आधीपासूनच घेतलं जात होतं. बोनस हवा होता, कामाचे तास ठरायला हवे होते, आणि वर्षानुवर्षं हंगामी म्हणून राबणाऱ्या मजुरांना कायम करायला हवं होतं. घाटातल्या गँगमध्ये असे हंगामी खूप असत. चार पावसाळे गस्त घातलेला माणूस कागदोपत्री दर वेळी नवाच. आबा संपात होते. देशभर धरपकड चालू होती, म्हणून पुरुष रात्री घरी झोपत नसत. चाळीतल्या बायका आळीपाळीने दाराशी बसत. या सगळ्यात आबांना एकच गोष्ट पोखरत होती: मे महिना आहे आणि चर उपसलेले नाहीत. संप योग्य आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती, आणि पाऊस थांबणार नाही याबद्दलही नव्हती. एकदा मध्यरात्री घरी आले, जेवले, आणि आईशी तासभर बोलले ते मोऱ्यांबद्दल. २७ मे रोजी संप मागे घेतला गेला. कोकणात पाऊस येतो दहा जूनच्या आसपास. मधल्या दोन आठवड्यांत गँगने जे केलं ते मी पाहिलं नाही, पण त्या दिवसांत आबा बोलत नव्हते आणि चपला न काढता झोपत होते. हरल्यासारखी परत आलेली माणसं इतक्या निष्ठेने त्याच कामाला भिडली, याचा आजही मला अभिमान वाटतो आणि रागही येतो. रेल्वे कामगारांना बोनस मिळाला तो १९७९ मध्ये.

पाऊस लागला की रात्रीची गस्त सुरू होई. गस्तीवाल्याला आपला टापू वाटून दिलेला, आणि कुठे किती वाजता पोहोचायचं त्याचा तक्ता. हातात लाल-हिरवा उजेड दाखवणारी बत्ती, खांद्याला फटाक्यांची डबी, अंगावर रेनकोट. पण जुनी माणसं त्यावर घोंगडीची खोळ घेतच. टापूच्या टोकाला पलीकडचा गस्तीवाला भेटे, दोघे एकमेकांची वही बदलून घेत आणि परत फिरत. मेणकापडात गुंडाळलेली ती वही रात्रभर या हातातून त्या हातात जात घाट चढे आणि उतरे. सह्या करता न येणारे अंगठा उठवत. दोन माणसं ठरल्या वेळी भेटली नाहीत, तर दुसऱ्याने शोधत पुढे जायचं.

दरड दिसली तर गाडीच्या दिशेने धावायचं. सहाशे मीटरवर एक फटाका रुळाला बांधायचा, बाराशे मीटरवर दहा-दहा मीटर सोडून तीन, आणि बत्ती हलवत उभं राहायचं. हे नियमाच्या पुस्तकात दोन ओळींत आहे. घाटात ते करायचं म्हणजे अंधारात, ओल्या खडीवरून, बोगद्यातून, धबधब्याच्या आवाजात धावायचं. त्या आवाजात येणारी गाडी ऐकूही येत नाही. आमच्या चाळीतला एक तरुण गँगमन अशाच एका पावसात, कटिंगमध्ये, मागून आलेल्या गाडीखाली गेला. तो मुंबईच्या बाजूला बघत होता. त्याची बायको पुढे स्टेशनवर पाणीवाली म्हणून लागली. तिने तिथेच नोकरी पूर्ण केली, आणि घाटाकडच्या बाजूचा फलाट ती कधी झाडत नसे. ते काम दुसरी कुणीतरी न सांगता करून टाकी.

आबांची गस्त असली की आई झोपत नसे. ती स्वयंपाकघरात काहीतरी निवडत बसे. पहाटे ते आले की ती काही विचारत नसे. आंघोळीचं पाणी काढे. ते स्वतःहून सांगत. एका रात्री त्यांनी एका मालगाडीला थांबवलं होतं. रुळावर मातीचा ढीग आणि त्यात एक अख्खं झाड. ड्रायव्हर खाली उतरला, ढीग बघितला आणि यांना बिडी दिली. एवढंच सांगितलं. कुणी बक्षीस दिलं का, असं मी विचारलं तेव्हा ते गोंधळले. गाडी थांबली होती, अजून काय हवं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

माझा मामा नेरळला होता, माथेरानच्या गाडीवर ब्रेक्समन. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सोळा लाख रुपये घालून १९०४ ते १९०७ या काळात बांधलेला हा दोन फूट रुंदीचा मार्ग. चढ वीस फुटांना एक, म्हणजे भोर घाटाहून जवळजवळ दुप्पट. त्या गाडीत ब्रेक इंजिनातून सबंध गाडीला लागत नसत. डब्यांवर माणसं बसलेली असत, इंजिनाची शिट्टी ऐकायची आणि हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचा किंवा सोडायचा. कुठल्या शिट्टीला किती आवळायचं हे ठरलेलं. सगळ्यांनी एका क्षणी आवळलं तर गाडी शहाण्यासारखी उतरते; एकाने उशीर केला तर बाकीच्यांच्या डब्यांवर भार येतो. मामाचा उजवा खांदा डाव्याहून जाड होता. प्रवासी त्याला रस्ता, माकडं, हॉटेल असलं काहीबाही विचारत आणि तो मान न वळवता उत्तर देई, कारण कान शिट्टीकडे. २६ जुलै २००५ च्या पावसात तो मार्ग जागोजागी वाहून गेला आणि २००७ मध्ये, शंभरी भरली त्या वर्षी, पुन्हा सुरू झाला. मामा तेव्हा निवृत्त होता, तरी रूळ पुन्हा टाकणाऱ्यांना वळणं दाखवायला जाऊन बसे. २०१६ मध्ये डबे घसरल्यावर गाडी पुन्हा बंद राहिली आणि त्यानंतर हवेच्या दाबाचे ब्रेक आले. ते यायलाच हवे होते. २०१९ च्या पावसाने पुन्हा वाट तुटली. नेरळपासून गाडी परत सुटली ती २०२२ च्या ऑक्टोबरात.

भोर घाटात खेकडा इंजिनं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली आणि मग गेली. आता त्यांतली काही संग्रहालयांत जपली आहेत, हे चांगलं झालं. लोखंडी स्लीपरही गेले, काँक्रीटचे आले, चावीच्या जागी क्लिप आली. खडी ठासायला यंत्र आहे. ते एका रात्रीत जेवढं करतं तेवढं आबांच्या गँगला कित्येक दिवस लागलं असतं. गँगमनचं नाव आता ट्रॅक मेंटेनर झालं आहे आणि त्यांत मुलीही आहेत. मी हे सगळं बघून हळहळत नाही. ज्या कामाने आबांच्या पाठीचा कणा वाकला ते काम यंत्राने केलं तर मला आनंदच आहे. कड्यांवर जाळ्या बसवल्या, काही बोगद्यांची तोंडं पुढे वाढवली, धोक्याच्या जागी कॅमेरे लावले, गस्तीवाल्याकडे जीपीएस दिला. तरी २०१९ मध्ये मंकी हिलच्या खालच्या पट्ट्यात पावसाने मार्गाचं एवढं नुकसान केलं, की कित्येक गाड्या महिनोन्महिने रद्द होत्या.

आणि दोरावरची माणसं आहेतच. त्यांना आता हिल गँग म्हणतात. उन्हाळ्यात ब्लॉक घेऊन तीच पहार, तोच दोर, आणि खाली पडलेले दगड उचलायला बोल्डर स्पेशल गाडी. चावीवाल्या काकांचा नातू त्या गँगमध्ये आहे. त्याला आबांच्या धोंड्याची गोष्ट घरात ऐकून ठाऊक होती. मागच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. नागनाथच्या वर नवे दोर लावून ते त्या धोंड्यापर्यंत पोहोचले होते. बुडाशी तांबडी माती होती, आणि पहार मुठीपर्यंत आत गेली. फोडून फोडून खाली उतरवायला त्यांना सलग काही ब्लॉक लागले. मी विचारलं, झालं मग? तो म्हणाला, "झालं आत्या. पण त्याच्या मागे अजून दोन निघालेत. ते पाऊस लागायच्या आत बघायचेत."